समारीन दीदीचा नियम

कचऱ्याच्या नोकरीत एक गंमत आहे. कचरा रोजच्या रोज उचलला जातो, किस्से मात्र आपल्यासोबत घरी येतात आणि साचत राहतात. मी दारातूनच सांगायला सुरुवात करते आणि आई ओरडते, "ज्योती, आधी हातपाय धू, मंग सांग!" पण हातपाय धुऊन होईपर्यंत माझा अर्धा किस्सा सांगून झालेला असतो, आणि ती टॉवेल हातात घेऊन मोरीच्या दाराशी उभी राहून ऐकत असते.

आमचं घर रायपूरला, गुढियारीत. आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेत आले, बाबाही रेल्वेतच रिटायर झाले. मी मात्र कचऱ्यात! घरोघर कचरा गोळा करणाऱ्या गाड्यांची मी सुपरवायझर. आई स्थळांना सांगते, "पोट्टी मुन्सिपालटीच्या कामात आहे." ते अगदी खोटं नाही. काम मुन्सिपालटीचं, पण गाडी ठेकेदाराची आणि मीही ठेकेदाराचीच.

माझ्या एका गाडीवर संतोष भैया ड्रायव्हर आणि समारीन दीदी कचरा घेणारी. दीदी पन्नाशीची, छत्तीसगढी, अंगाने काटकुळी, आवाज मात्र रेल्वेच्या भोंग्याएवढा. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. हिरव्या बालटीत ओला कचरा, निळ्या बालटीत कोरडा, लाल डब्यात दवाखान्यातला आणि बायांचा, हे तिला झोपेतही पाठ. मिक्स कचरा घ्यायचा नाही, हा वरचा नियम. आणि एका महिन्यात "कचरा घेतला नाही" अशा तीन तक्रारी आल्या तर बाईला कामावरून काढायचं, हा ठेकेदाराचा नियम.

म्हणजे एक नियम सांगतो घेऊ नका, दुसरा सांगतो सोडू नका. आणि दोन्हींच्या मधोमध समारीन दीदी!

*

सुरुवातीला आम्ही वस्त्यांमध्ये ट्रेनिंग घ्यायचो. दीदीच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी गेले होते. चाळीसेक बाया समोर बसलेल्या. मी दोन्ही बालट्या टेबलावर ठेवून मोठ्या तोऱ्यात विचारलं, "रात का भात बच गया, तो कौन सी बाल्टी में डालेंगे?"

कोणीच बोलेना. मला वाटलं, लाजत असतील. मी पुन्हा विचारलं. मग मागून एक म्हातारी काळजीच्या सुरात म्हणाली, "मैडम, तुंहर घर मा भात फेंकथें का?"

सगळ्या बाया खोखो हसायला लागल्या. उरलेल्या भातात पाणी घालायचं, सकाळी कांदा-मिरचीसोबत बासी खायची आणि कामाला निघायचं, हे तिथलं साधं रोजचं जेवण. भाजीचं देठ बकरीला, साल गाईला. बालटीत टाकायला काही उरेल तर ना!

त्या दिवशी ट्रेनिंग माझंच झालं. महिनाभराने तपासणीला गेले, तर आम्ही वाटलेल्या निळ्या बालट्यांमध्ये तांदूळ भरून ठेवलेले. मी काही बोलायच्या आत घरची बाई म्हणाली, "इतनी मजबूत बाल्टी, मैडम! इसमें कचरा डालना शोभा देता है क्या?"

*

त्यानंतर वर्षभर आमची गाडी ब्राह्मणपाऱ्यात होती. जुनी घरं, गल्ल्या अरुंद, आणि दर चार घरांमागे एक देऊळ. तिथे अडचण निर्माल्याची. एक आजोबा दारात पूजेची फुलं ओंजळीत घेऊन उभे. म्हणाले, "काल रात्रीच्या वांग्याच्या भाजीत मी देवाची फुलं टाकू? शक्य नाही!"

नियमाने फुलं म्हणजे ओला कचरा. मी समजावून सांगून थकले. दीदीने मात्र दुसऱ्या दिवशी एक धुतलेली पिवळी पिशवी आणली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला, आरशाखाली बांधली. "ये भगवान के झोला," म्हणाली. आजोबा खूश, गल्ली खूश.

पंधरा दिवसांनी मी बघायला गेले, तर लोक गाडी आली की चपला काढून फुलं द्यायला येत होते. एका काकूंनी तर गाडीला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि संतोषच्या हातावर प्रसाद ठेवला. संतोष बिचारा चक्रावून म्हणाला, "मैडम, अब मैं इस गाड़ी पे गुटका कैसे खाऊं?"

सुटला त्याचा गुटका. दोन महिने तरी.

*

लाल डब्याची गोष्ट जरा नाजूक. त्यातला कचरा बाया हातात द्यायला लाजतात. एक नवी सून रोज पदराखाली पुडी घेऊन यायची, संतोषला बघायची आणि तशीच घरात परत जायची. दीदीच्या ते लक्षात आलं. तिने मला सांगून गाडीच्या मागच्या बाजूला झाकणाचा लाल डबा बसवून घेतला. वर फट ठेवली. कोणी कोणाच्या हातात काही द्यायला नको, कोणी बघायला नको. सुनेने पहिल्यांदा त्यात पुडी टाकली तेव्हा दीदी मुद्दाम दुसरीकडे तोंड करून मोठ्याने संतोषला शिव्या देत होती.

आता लाल डबा, वर फट. लोकांना काय वाटणार?

एक दिवस दीदी ऑफिसात आली आणि तिने माझ्या टेबलावर एक घडी केलेला कागद ठेवला. "मैडम, कागज तो सूखा कचरा आय. एला लाल मा काबर डारिन?"

हा लाल डब्यात का टाकला, एवढाच तिचा प्रश्न. दीदीला वाचता येत नाही. मी कागद उघडला. ती तक्रार होती. समारीन नावाची बाई मिक्स कचरा परत करते, उद्धट बोलते, तिच्यावर कारवाई करावी. खाली नाव, घर नंबर, सही. कोणा सज्जनाने तक्रारपेटी समजून तिच्याच गाडीत टाकलेली, आणि तिनेच सांभाळून माझ्यापर्यंत पोचवलेली!

मी तो कागद फाडून टाकणार होते. तरी तिला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "चढ़ा दे मैडम. मिक्स त मैं लौटाए रहेंव."

मी रजिस्टरमध्ये चढवली. पहिली तक्रार. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

दुसरी तक्रार आठवड्यातच आली, आणि ती दीदीने स्वतः ओढवून घेतली.

एका घरची वहिनी रोज सगळं एकाच पिशवीत बांधून द्यायची. वर म्हणायची, "हमारे यहां तो मिक्स होता ही नहीं." त्या दिवशी दीदीने गल्लीच्या मधोमध पोतं अंथरलं, त्यावर पिशवी उलटी केली, आणि आपल्या त्या भोंग्यासारख्या आवाजात एकेक वस्तू हातात धरून वेगळी करायला लागली. "ये मैगी के पन्नी, सूखा! ये जलाय रोटी, गीला! ये केस करिया करे के डब्बा, सूखा!"

वहिनीचे केस काळेभोर आहेत याचं गल्लीला फार कौतुक होतं. चारही गॅलऱ्यांत माणसं उभी. वहिनी धाडकन दार लावून आत गेली आणि तासाभरात ऑफिसला तक्रार.

"दीदी, हे काहून केलं?" मी विचारलं.

"मैं त सिखावत रहेंव," ती म्हणाली. पण तिलाही नंतर वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती त्या दारापुढे एक अक्षर न बोलता उभी राहिली. वहिनीनेही न बोलता दोन वेगळ्या पिशव्या दिल्या. तेव्हापासून आजपर्यंत त्या घरून मिक्स कचरा आलेला नाही!

तक्रार मात्र रजिस्टरमध्ये राहिली. महिना संपायला अजून बरेच दिवस होते. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "ज्योती, तीन मतलब तीन." साहेब उरला नावाच्या इथल्या औद्योगिक भागातल्या कारखान्यातून इकडे आलेले. शिफ्ट, हजेरी, सायरन, याच भाषेत ते विचार करतात. माणूस वाईट नाही, पण सवलत हा शब्द त्यांच्याकडे नाही.

*

दीदीला अक्षरं वाचता येत नाहीत, पण बालटी वाचता येते. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं बाळ बाटलीवरून भातावर आलं, कोणाच्या घरी नवराबायकोचं भांडण होऊन दोन दिवस बाहेरून डबे येताहेत, तिला सगळं कळतं. कोणाला सांगत नाही. मला सांगते, कारण मी सुपरवायझर!

गाडी आता आमच्या गुढियारीतच फिरते. एकदा आमच्याच दारात ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मैडम, माता जी के शक्कर बाढ़े हे का?"

"काहून?"

"मुर्रा लाड़ू के पन्नी. पेपर मा लपेट के, चहा के पत्ती के खाल्हे."

मुर्रा लाड़ू म्हणजे मुरमुऱ्याचे गोड लाडू, आणि आईला शुगर आहे. घरात गोड बंद आहे. मी आत जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "मी कायले खातो! शेजाऱ्यांनी टाकलं असन." दुसऱ्या दिवसापासून आमच्या बालटीत पन्नी नाही. आठवड्याने दीदी पुन्हा हळूच म्हणाली, "मैडम, अब बाजू वाले घर के बाल्टी मा आवत हे."

आईचं आणि दीदीचं महिनाभर वाजलं होतं.

*

आता रामटेके काका.

काका बाबांचे जोडीदार. मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले. नोकरी संपली पण गार्डपण संपलं नाही. रोज सकाळी दारात खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन ते आमच्या गाडीची वाट बघायचे. आमची वेळ सात बेचाळीस. गाडी सात एकोणपन्नासला आली की हात वर करून थांबवायचे.

"सात मिनिटं लेट. काहून?"

"काका, रस्ते पे गाय बैठी थी," संतोष सांगायचा.

काका वहीत लिहायचे, "विलंब सात मिनिटे. कारण: गाय."

आतून काकूंचा आवाज यायचा, "आता गाईची सही घ्या, म्हंजे झालं!"

काकूंची हिरवी बालटी म्हणजे दीदीचा आवडता धडा. रोज वेगळं काही. मटाराची टरफलं, कोहळ्याची साल, आणि सीझनमध्ये मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, चावून टाकलेल्या शेंगांचा ढीग. परसात त्यांचंच झाड होतं. बालटीसोबत दोन-चार शेंगा त्या दीदीच्या हातात ठेवायच्याच. दोघी दारात पाच मिनिटं बोलायच्या, एक मराठीत आणि एक छत्तीसगढीत. काका तेही वहीत लिहायचे, "थांबा पाच मिनिटे. कारण: गप्पा."

दिवाळीनंतर काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि गेल्याच. विहारातले सगळे आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लेक हैदराबादहून आली, दोन महिने राहिली. काका तिच्यासोबत जायला तयार नव्हते, शेवटी ती एकटी परत गेली. काका पुन्हा दारात खुर्ची टाकून बसायला लागले. आम्हाला वाटलं, बरं आहे, सावरले.

मग, दीदीच्या दुसऱ्या तक्रारीच्याच महिन्यात, एक दिवस ऑफिसात फुलस्केप कागद आला. सुबक अक्षर, विषय, संदर्भ, मुद्दे एक ते चार, खाली कार्बन कॉपी. "समारीन ही कर्मचारी गेले तीन दिवस माझा कोरडा कचरा नियमानुसार वेगळा केलेला असूनही स्वीकारत नाही. चौकशी व्हावी."

तिसरी तक्रार. आणि ती घरच्या माणसाची. मी दीदीला विचारलं, "काकांचा कचरा काहून घेत नाहीस?" ती बोलायलाच तयार नाही. "साहब ला आवन दे," एवढंच म्हणाली.

*

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासोबत काकांच्या दारात उभे होते. गाडी सात बेचाळीसलाच आली. काका वही उघडून उभे राहिले आणि वाचायला लागले.

"सोमवार. कोरडा कचरा नाकारला. मंगळवार. नाकारला. बुधवार. नाकारला. कारण विचारलं असता, 'गीला नाही, तर सूखापण नाही.'" काकांनी वही मिटली. "साहेब, मी चौतीस वर्षं नियमानं गाडीवर ड्युटी केली. हा कोणता नियम?"

साहेब दीदीकडे वळले. "ऐसा कोई नियम है?"

दीदीने आधी माझ्याकडे बघितलं. मग निळी बालटी उचलून साहेबांसमोर ठेवली. आत फक्त बिस्किटांची रिकामी पाकिटं. नीट सपाट करून, रबर लावून गड्डी केलेली.

"साहब, माता जी रहिस त हरियर बाल्टी रोज भरे रहय. बेटी रहिस त घला भरे रहय," ती म्हणाली. नेहमीचा भोंगा नव्हता, आवाज अगदी खाली आला होता. "बेटी गिस तेकर बाद सोला दिन होगे. बस बिस्कुट के पन्नी निकलत हे. मैं कहेंव, गीला नइ देहू, त सूखा घला नइ लेवंव."

लेक गेल्यापासून सोळा दिवस हिरवी बालटी रिकामी! संतोषने गाडीचं गाणं बंद केलं. मी काकांकडे नीट बघितलं. शर्ट गळ्याशी किती सैल झाला होता! मी त्याच गल्लीत राहते, रोज त्यांना नमस्कार करते, आणि मला दिसलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

साहेबांनी विचारलं, "काका, खाना?"

"होते न. चहा-बिस्कीट," काका वहीकडे बघत म्हणाले. "एकट्याले काय लागते?"

साहेबांनी ती पाकिटांची गड्डी उचलून पाहिली आणि परत बालटीत ठेवली. मग म्हणाले, "नियम तो है, काका. दोनों बाल्टी कंपलसरी."

"लेखी?"

"सर्क्युलर आ रहा है."

"नंबर?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी रजिस्टरमध्ये एक खोटा आकडा लिहिलेला नाही. मी म्हणाले, "काका, नंबर मी आणून देते तुम्हाले."

काकांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग तक्रारीचा कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, "मागे घेतली" असं लिहून सही केली आणि वेळ टाकली. "नियम आहे तं पाळाच लागन," ते म्हणाले. "पण मले आधी सांगाले पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गाडीसोबत गेले. काका दारात उभे, दोन्ही हातांत दोन बालट्या. दीदीने हिरवीचं झाकण उघडलं. आत एक अख्खं वांगं आणि दोन बटाटे. कच्चे, बाजारातून आणले तसेच.

दीदीने झाकण लावून बालटी परत केली. "ये तो साग आय काका, कचरा नोहय. रांधव, खाव, तहां ले छिलका लानव."

"नियमात ओला लिवलं आहे. वांगं ओलंच असते!"

"नइ चलय," दीदी म्हणाली, आणि गाडी पुढे गेली. काकांनी वहीत काहीतरी रागाने लिहिलं.

तिसऱ्या दिवशी गाडी वळणावर आली तेव्हाच जळका वास आला. काका हिरवी बालटी पुढे धरून उभे. दीदीने झाकण उघडलं. बटाट्याची साल, एकेक बोटाएवढी जाड. त्यावर तळाला लागलेल्या खिचडीची काळी खरपुडी. दीदीने बालटीत हात घालून सगळं वरखाली करून पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टावर हळदीचा डाग होता.

तिने बालटी गाडीत रिकामी केली. मग निळीही घेतली.

काकांनी खिशातून पेन काढलं, वहीत वेळ लिहिली, आणि मान वर न करता विचारलं, "उद्या कशाचं लागन?"

दीदीने घरामागच्या झाडाकडे बघितलं. शेंगा लोंबत होत्या, यंदा कोणी तोडल्याच नव्हत्या.

"मुनगा!" ती ओरडली, आणि संतोषने गाडी सुरू केली.